दोन पांढऱ्यांची काळी पिल्लं

बळवंत साव्याला मी कॉलेजपासून ओळखते आणि त्याचा राग मला तेव्हापासूनच येतो. आम्ही दोघं केळव्याचे, एकाच आळीतले. कॉलेजात असताना त्याने माझी जीवशास्त्राची वही आठ दिवसांसाठी म्हणून नेली आणि आनुवंशिकतेचं अख्खं प्रकरण आकृत्यांसकट, माझ्या खाडाखोडींसकट उतरवून काढलं. परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. त्याला माझ्यापेक्षा चार मार्क जास्त पडले. ते मी सोडून दिलं. पण चौदा वर्षांनी त्याच माणसाने, त्याच प्रकरणातली गोष्ट डोळ्यांसमोर घडत असताना, एका बाईला चोर ठरवलं. ते मी सोडलं नाही आणि सोडणारही नाही.

हे १९८४ सालचं. बळवंत पालघरला एका सरकारी कचेरीत कोंबड्यांच्या योजनेचा साहेब होता, आणि मी मनोरच्या पुढे एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवत होते. योजना अशी, की पाड्यावरच्या माणसाने आपला गावठी कोंबडा सरकारला द्यायचा आणि बदल्यात पांढराशुभ्र विलायती कोंबडा घ्यायचा. मग घरच्या गावठी कोंबड्या त्याच्यापासून सुधारित पिल्लं काढणार, ती मोठी होऊन भरपूर अंडी घालणार, आणि ती अंडी बोईसरच्या कारखान्यांच्या कँटीनांत आणि तारापूरच्या कॉलनीत जाणार. कागदावर सगळं छान होतं. बळवंतचं सगळंच कागदावर छान असतं.

करवंदपाड्यावर आठ घरांना आठ कोंबडे मिळाले. त्यातलं एक घर बुधीचं. बुधीची मुलगी सोमी माझ्या दहावीच्या वर्गात होती, आणि नवरा सुका दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचा. घर ओहळापलीकडे, एकटं. पाड्यावर कुणालाही देवासाठी कोंबडा लागला की लोक बुधीकडे यायचे, कारण देवाला रंग ठरलेला असतो. कुणाला काळा लागतो, कुणाला लाल. ज्याचा जो रंग तोच द्यावा लागतो, आणि हवा त्या रंगाचा पक्षी बुधीकडे हटकून मिळायचा. तो कसा मिळायचा हे तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. मीही नाही.

साहेबाच्या हट्टापायी तिने आपला तांबडा कोंबडा दिला आणि पांढरा घेतला. त्याच्या पायात नंबराची पट्टी होती. वर्षभरात तिच्या लाल-काळ्या कोंबड्यांखालून पिल्लं निघाली ती सगळीच्या सगळी पांढरी. आठही घरांत तसंच. बळवंत जीप घेऊन आला, पिल्लांमध्ये उकिडवा बसून त्याने फोटो काढून घेतला आणि म्हणाला, "बघितलंत? एका वर्षात जात बदलली." दिवाळीनंतर बुधीने जुन्या रंगीत कोंबड्या मनोरच्या बाजारात विकल्या. अंगणात उरल्या त्या नुसत्या पांढऱ्या.

मग तिचा सरकारी कोंबडा रानमांजराने धरला. उरला तो एक पाय, पट्टीसकट. बुधीने तो पाय फडक्यात बांधला, मनोरपर्यंत चालत गेली, एसटीने पालघर गाठलं आणि पाय बळवंतच्या टेबलावर ठेवला. वासाने बळवंत खुर्ची मागे सारून उठला. शिपाई विश्रामदादाने पट्टी सोडवून ड्रॉवरमध्ये टाकली आणि पाय बाहेर फेकला. पावती कुणी दिली नाही. बुधीने मागितली नाही, कारण आपल्याला ती कधी लागेल असं तिला वाटलंच नाही.

तिच्या अंगणात तोवर घरचाच एक पांढरा कोंबडा वयात आला होता. पुढची पिल्लं त्याची. आणि त्या पिल्लांत तीन निघाली काळी, एक निघालं तपकिरी.

बाकीच्या सात घरांत सरकारी कोंबडे जिवंत होते आणि पिल्लं पांढरीच निघत होती. काळी फक्त बुधीकडे. बळवंतला एवढं पुरलं. त्याने पाड्यावरच्या चिंचेखाली सगळ्यांना जमवलं, बुधीला पुढे उभं केलं आणि म्हणाला, "पांढरा कोंबडा, पांढऱ्या कोंबड्या, आणि पिल्लू काळं? मला काय कुक्कुलं बाळ समजतेस? सरकारी कोंबडा तू बोईसरच्या खानावळीत विकलास आणि गावठी आणून लपवलास."

"पाय आनून दिला ना तुला," बुधी म्हणाली.

"पाय दिलास. बाकीचा कोंबडा कुठाय?"

लोक हसले. त्या हसण्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण हसणारे तिचे शेजारी होते. बळवंतने तिथेच जबाब लिहिला, की मी शासकीय पक्ष्याची परस्पर विल्हेवाट लावली, आणि शाईचा पॅड पुढे केला. बुधीने अंगठा मुठीत घालून मूठ पदराखाली घेतली. "मी केला नाय ते माजा अंगठा कसा सांगंल?" एवढंच ती बोलली. मग ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तिचं नाव लागलं, पुढे 'अपात्र' आणि कंसात 'अपहार'. त्यानंतर पाड्यावरच्या माणसांनी देवाचा कोंबडा तिच्याकडून नेणं बंद केलं. चोरीचा पक्षी देवाला कसा द्यायचा?

मला हे सोमीकडून कळलं. शनिवारी शाळा सुटल्यावर मी पाड्यावर गेले, आणि काय केलं? बुधीच्या ओट्यावर बसले, तिने दिलेलं पाणी प्यायले आणि हळूच म्हणाले, "बुधीबाय, माझ्याकडे खरं सांग. अडचण असेल, म्हणून विकलास का?" मला वाटलं मी फार समजूतदारपणे विचारतेय.

 बुधी उठली, अंगणातला पांढरा कोंबडा पकडला आणि माझ्या मांडीवर आणून त्याच्या मानेची पिसं फुंकर मारून उलटी केली. आत, मुळाशी, एक काळं पीस होतं. सुताएवढं.

"हे बग, बाय. वरून गोरा. आत काळा हाय. त्याची आय काळी होती ना? ती कुठं जाईल? गोरा वर बसतो, काळा खाली दडतो. पोरांत दिसत नाय. नातवांत येतो. सगल्यांत नाय येत, चारांत एकात येतो. माजी आय मला सांगायची, मी सोमीला सांगते. तू शालंत काय शिकवते?"

मी काय शिकवत होते? मी नऊ वर्षं मेंडेलचा वाटाणा शिकवत होते. उंच झाड, बुटकं झाड. आमच्या भागात वाटाणा पिकत नाही आणि त्याचं उंच झाड मीसुद्धा कधी बघितलेलं नाही. मुलं 'प्रभावी गुण' आणि 'अप्रभावी गुण' घोकायची आणि विसरायची. आणि पंधरा दिवसांपूर्वीच, त्याच तासाला, सोमी उठून म्हणाली होती, "बाई, आमच्या कोंबड्यांचं पन असंच झालंय." मी तिला म्हटलं होतं, "विषय सोडून बोलू नकोस, खाली बस." हे आठवलं आणि त्या ओट्यावर माझी मलाच लाज वाटली. अशी लाज वाटली की बुधीकडे बघवेना. मी तिला तिथेच म्हटलं, चुकले. ती म्हणाली, "तू चुकलीस ते घरात. त्यानी चार लोकांत म्हटलं. त्याचा काय?"

सोमवारी मी वर्गात पुस्तक उघडलंच नाही. चिंचोके फोडून नेले होते. फोडलेल्या चिंचोक्याची एक बाजू पांढरी, एक काळी, हे खेळणाऱ्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. मी सांगितलं, की प्रत्येक जिवाकडे रंगाच्या दोन चिठ्ठ्या असतात, एक बापाकडून आलेली, एक आईकडून. त्यालाच पुस्तकात जनुक म्हणतात. पिल्लाला देताना त्यातली कुठलीतरी एकच द्यायची. सरकारी कोंबड्याकडे दोन्ही चिठ्ठ्या पांढऱ्या. बुधीच्या काळ्या कोंबडीकडे दोन्ही काळ्या. म्हणजे त्यांच्या प्रत्येक पिल्लाकडे एक पांढरी, एक काळी. या पक्ष्यांत पांढरी चिठ्ठी असली की तिचंच चालतं, काळी गप्प बसते. म्हणून पिल्लू दिसतं पांढरं. पण गप्प बसलेली चिठ्ठी फाटलेली नसते. आता अशी दोन पांढरी एकत्र आली तर? प्रत्येकाकडे एक-एक फोडलेला चिंचोका आहे असं समजा. दोघांनी टाका. एक जरी पांढरा पडला तरी पिल्लू पांढरं. दोन्ही काळे पडले तर पिल्लू काळं.

मुलांनी तासभर चिंचोके टाकले. शंभरात सव्वीस वेळा दोन्ही काळे आले. मग मी विचारलं, बाकीच्या सात घरांत का नाही आली काळी? सोमीच उठली. "त्यांचा सरकारी कोंबडा अजून हाय, बाई. त्याच्याकडं काळी चिठ्ठीच नाय. मग दोन काळ्या जमतील कशा?" नऊ वर्षांत मला एवढं सरळ उत्तर कुणी दिलं नव्हतं, आणि ते देणाऱ्या मुलीच्या आईला चोर म्हटलं गेलं होतं.

मी पालघरला गेले. पिशवीत चिंचोके, जुनी वही आणि सोबत बुधी. बळवंतने मला खुर्ची दिली, चहा मागवला. बुधी उभीच.

"ये, दमयंती. शाळा कशी काय चाललीय?"

मी वही उघडून त्याच्यापुढे ठेवली. चार चौकटींची आकृती, माझ्या अक्षरात. "ओळखलीस? हीच उतरवून पास झालास ना? यात काय लिहिलंय? पहिल्या पिढीत सगळी एकसारखी, दुसऱ्या पिढीत तीनास एक. मग बुधीच्या अंगणात दुसरं काय झालं?"

तो हसला. खरंच हसला. "अगं, ते परीक्षेपुरतं असतं. कोंबड्यांना काय माहीत तीनास एक? तू पुस्तकात राहतेस. मी फिल्डवर आहे. मला ही माणसं माहीत आहेत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जो माणूस सरकारी पगार घेऊन सरकारी कोंबडे वाटतो, त्याला कोंबड्याच्या पोटी काय येतं हे परीक्षेपुरतंच माहीत! मी आवाज चढवणार तेवढ्यात बुधी पुढे आली. वारली माणूस साहेबालाही 'तू'च म्हणतो. बळवंतला ते नेहमी झोंबायचं.

"तू माजा पांढरा कोंबडा ठेव. माज्या दोन पांढऱ्या ठेव. तुज्या कचेरीत ठेव, तुज्या कुलपात. अंडी काढ, बसव, काय निंगतंय ते बग. पन पयल्या दोन हप्त्यांची अंडी नको धरू. नायतर तूच म्हनशील घरून पोटात घेऊन आली. तुज्याकडं आल्यावर तयार होतील ती धर."

आधीच्या कोंबड्याचं बीज कोंबडीच्या पोटात काही दिवस टिकतं. प्रयोगात ही पळवाट बंद करायची, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

बळवंतने मान्य केलं, कारण त्याला खात्री होती. कचेरीच्या मागे जाळीचा पिंजरा केला, वरूनही जाळी मारली. किल्ली त्याच्या खिशात. सकाळ-संध्याकाळ दाणापाणी घालायला विश्रामदादा किल्ली मागून न्यायचा आणि परत आणून द्यायचा. दोन आठवड्यांची अंडी बाजूला गेली. मग तेरा अंडी धरली आणि बळवंतने प्रत्येक अंड्यावर शाईने सही केली. तेरा सह्या, तारखेसकट. विश्रामदादाने उमरोळीहून आपल्या घरची खुडूक कोंबडी टोपलीत घालून आणली आणि अंड्यांवर बसवली.

एकविसाव्या दिवशी मी रजा टाकून बुधीबरोबर गेले. तेरातली अकरा फुटली होती. सात पिल्लं पिवळी, म्हणजे मोठेपणी पांढरी होणारी. चार काळी कुळकुळीत. पुस्तकाप्रमाणे तीन यायला हवी होती, पण कोंबडी काही पुस्तक वाचून अंडी घालत नाही. एका काळ्या पिल्लाच्या पाठीला कवचाचा तुकडा चिकटला होता आणि त्या तुकड्यावर बळवंतच्या सहीचा 'ब' होता. मला हसू फुटलं. मी म्हटलं, संपलं एकदाचं.

बळवंतने पिल्लांकडे बघितलं. बुधीकडे बघितलं. मग वळून म्हणाला, "विश्राम, इकडे ये. पिंजऱ्यात कुणाचा कोंबडा सोडलास?"

विश्रामदादाला कळेचना. "कोंचा कोंबडा, साहेब?"

"किल्ली तुझ्या हातात यायची ना? या बाईने तुला काय कबूल केलं?"

मी त्याला काय काय बोलले ते सगळं इथे लिहिता येणार नाही. चिंचोके टेबलावर आपटले. आकृतीतली एकेक चौकट बोट ठेवून दाखवली. म्हटलं, अरे, एक माणूस चोर, मग दुसरा माणूस चोर, उद्या मीही चोर, पण पांढऱ्या कोंबड्याच्या पोटात काळा रंग असू शकतो एवढं तुझ्याच्याने मान्य होत नाही? बळवंत कागदावर लिहीत राहिला. लिहून झाल्यावर कागद विश्रामदादापुढे सरकवला. "माझ्या गाफीलपणामुळे बाहेरील नर पक्षी आत शिरला. एवढंच आहे. सही कर, मी पुढे काही वाढवत नाही. पेन्शनला चार वर्षं राहिलीत तुझी."

विश्रामदादाने पेन घेतलं.  त्याने सही केली असती तर प्रयोग बाद, सात आणि चार पिल्लं बाद, आणि बुधी पुन्हा फळ्यावरची चोर. 

बुधी त्याच्याजवळ गेली. "दादा, तू सोडला का कोंबडा?"

"नाय."

"मग लिवतोस कशाला? माजा पन अंगठा मागत होता. मी नाय दिला. काय झालं मला? मेली नाय ना मी?"

विश्रामदादाने कागद टेबलावर परत ठेवला. मग पेनाचं टोपण लावलं. "साहेब, कोंबडा आत आला नाय. मी नाय लिवत." तीस वर्षांच्या नोकरीत तो साहेबाला पहिल्यांदाच नाही म्हणाला असावा. बळवंतने कागदाची घडी केली आणि खिशात घातली. आमच्याकडे न बघता तो म्हणाला, "प्रकरण विचाराधीन आहे. या तुम्ही."

विचाराधीन! मार्च उजाडला तरी फळ्यावर बुधीचं नाव तसंच. मी दोनदा अर्ज दिले, उत्तर नाही. बुधीने मात्र ती अकरा पिल्लं कचेरीतून आणली आणि डालग्यात घालून पाड्यावरच्या सातही घरी फिरवली. कुणाला काही सांगितलं नाही, नुसती दाखवली. आणि तेवढ्यात राहीबाईच्या अंगणातही दोन काळी निघाली. तिच्याकडे सरकारी कोंबडा होता, पण घरचे पांढरे कोंबडेही आता वयात आले होते आणि ते काही सरकारची परवानगी मागत नव्हते. राहीबाई त्या दिवशी चिंचेखाली सगळ्यांत मोठ्याने हसली होती. आता ती पिल्लं टोपलीखाली झाकून बुधीकडे धावत आली, "आता मला पन चोर म्हनंल तो."

मार्चअखेरीला बळवंतची जीप आली. नव्या कोंबड्यांचं वाटप त्याच महिन्यात पुरं करायचं होतं, नाहीतर त्याला वरून जाब आला असता. मागे टोपल्यांत पांढरे कोंबडे, शेजारी विश्रामदादा. शाळा सकाळची होती, म्हणून मी आणि सोमीही होतो. चिंचेखाली सगळ्या बायका बसल्या.

बळवंतने यादी काढली. "राहीबाई."

राहीबाई बसून राहिली.

"राहीबाई, ऐकू येत नाही का? कोंबडा घे."

"आधी बुधीचा बोल," राहीबाई म्हणाली.

त्याने दुसरं नाव घेतलं. तीही उठली नाही. सात नावं झाली. आठवं यादीत नव्हतंच. टोपल्यांत कोंबडे फडफडत होते आणि बळवंतच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मी काहीही मदत केली नाही.

शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे. त्या प्रकरणात थोडा गैरसमज झालेला होता."

बुधीने विचारलं, "कोनाचा?"

"झाला होता म्हणतोय ना."

"कोनाचा झाला? माजा नाय झाला. ह्या दादाचा नाय झाला."

विश्रामदादा जीपला टेकून जमिनीकडे बघत उभा होता. बळवंत पुटपुटला, "माझा."

"मोठ्यानी बोल. चोर म्हनला तवा ओहळापलीकडं ऐकू गेला होता."

"माझा! माझी चूक झाली. बुधीने कोंबडा विकला नाही. विश्रामनेही काही केलं नाही. झालं?"

"नाय झालं. कागूद काढ." बुधी जीपपाशी गेली, टोपलीतून एक पांढरा कोंबडा स्वतः उचलला आणि काखेत धरला. "हा मी घेते. पन आताच लिव. ह्याची नातवंडं काळी येतील, ती माजीच. मागून मला इचारायला येऊ नको."

बळवंतने लिहिलं. खाली सही केली. बुधीला वाचता येत नाही. तिने कागद सोमीच्या हातात दिला, "वाच गं, मोठ्यानी."

सोमीने वाचलं, "सदर पक्ष्याच्या दुसऱ्या पिढीत रंगीत पिल्ले निघण्याची शक्यता नाकारता येत नाही."

"म्हंजे काय?"

"येतील की नाय ते त्याला ठाऊक नाय, असं लिवलंय."

बुधीने कागद त्याच्यापुढे धरला. "'येतील' लिव."

बळवंतने माझ्याकडे बघितलं, कॉलेजात प्रश्न अडला की बघायचा तसं. मी म्हटलं, "लिही. येतात." त्याने ओळ खोडली आणि लिहिलं, 'काळी पिल्ले येतील.' सोमीने ते वाचून दाखवलं. मग राहीबाई उठली, आणि बाकीच्या बायका कोंबडे घ्यायला रांगेत उभ्या राहिल्या.